सहा तासांचं डिझेल

हर्णैच्या बंदरात संध्याकाळचा लिलाव सुरू होतो,
बैलगाड्या पोटभर पाण्यात उभ्या असतात,
आणि कोणीतरी हटकून विचारतंच,
"काय इनायतभाई, अकरा वर्षं होतात तिकडं,
पाहिलंत काय?"

मी म्हणतो, जनरेटर.
खोटं कशाला बोलू? आठ होते.
सातव्याला दमा होता, झोपेतही ऐकू यायचा.
तारांच्या पलीकडे तुतीची झाडं, त्यामागे पहाड,
अलीकडे आम्ही, उजेडाचे नोकर.

त्यांनी देश बांधायला घेतला होता.
शाळा बांधली. खिडक्या ऐसपैस,
नकाशा दुसऱ्याच कुठल्या हवेतला.
पहिल्या थंडीत मास्तरांनी गोण्या उसवून
खिडक्यांवर खिळे मारून ठोकल्या.
पूल बांधला, पुढच्या वर्षी नदीच सरकली.
पोलीसही बांधले.
हजेरीपटावर दोनशे, पगाराला दोनशे,
रात्री नाक्यावर चौघे,
एकाच्या पायात प्लास्टिकची चप्पल.
उद्घाटनाच्या फिती मात्र चांगल्या प्रतीच्या.
झलमयच्या बहिणीने पाच वर्षं त्याच केसांत बांधल्या.

झलमय माझा हेल्पर.
एकदा विचारतो, "उस्ताद, तुमच्या गावाला
समुद्र आहे म्हणजे नेमकं काय आहे?"
मी पाना खाली ठेवला.
अजून नीट सांगता आलेलं नाही.

इथला धर्मा मेस्त्री परवा म्हणाला,
होडी घ्यायची हातात तर आधी विचारावं
ती कुठल्या खाडीत उतरायची,
तळाला वाळू की खडप.
मी मान डोलावली, वाटलं, सापडलं.
तेवढ्यात त्यानेच बिडी विझवली,
"पण आता सगळ्या फायबरच्या रे. साचा परगावचा.
तरंगतात की मस्त."

शेवटच्या रात्री साहेब हळू बोलला.
दिवे चालू ठेव. टाक्यांत चार तासांचं ठेव, जास्त नको.
बाहेर वाटलं पाहिजे, आम्ही आहोत.
एवढी वर्षं, एवढ्या फायली, एवढी माणसं,
आणि शेवटी सगळा हिशेब
माझ्या डिपस्टिकवर येऊन थांबला.

मी सहा तासांचं भरलं.
दोन तास माझ्या पदरचे.
बाकी काही माझ्या हातात नव्हतं,
असं मी घरी सांगतो. जैतून ऐकून घेते.

झलमयला किल्ल्यांचा जुडगा दिला
आणि एक कागद: मुलगा प्रामाणिक आहे,
फिल्टर वेळेवर बदलतो. इंग्रजीत, खाली माझी सही.
त्याने वाचला, दोन घड्या घातल्या,
आणि परत माझ्याच खिशात सरकवला.
"उस्ताद, हा माझ्याकडे सापडला तर?"

वरून छावणी दिसली,
वऱ्हाड निघून गेल्यावरच्या मांडवासारखी.
लखलखीत.
अंधार झाला तेव्हा आम्ही दुसऱ्या देशात जेवत होतो.
तो पाहायला तिथे तोच एकटा.

माझ्या निरोपावर अजून एकच टिक आहे.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग.
शेवटचा गोरा शिपाई तिथून कधी उठला
गावात कोणालाच ठाऊक नाही.
तोफा जड, म्हणून राहिल्या.
जाताना त्याने कोणाच्या हातात काय ठेवलं,
कोणी ते घडी घालून परत दिलं,
विचारायला आता कोण आहे?
ओहोटीला पोरं खेकडे धरायला जातात, तेवढंच.

मी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो.
हशा तांडेल पहाटे विचारतो, "किती तास जाईल?"
मी काठी पुसतो, बुडवतो, उजेडात धरतो.
म्हणतो, चार.
तो सहा तासांनी परत येतो,
जाळं उतरवता उतरवता हसतो,
"अकरा वर्षं केलंस काय तिकडं?
तुला साधं डिझेल मोजता येत नाही."